टपालाच्या प्रतींतली ओळ

उर्सुल ब्रेबियोंच्या छापखान्यात गरिबांचे आशीर्वाद आदल्या दिवशीच जुळवून तयार असत.

त्याला इलाज नव्हता. तिथलं वर्तमानपत्र रोज निघायचं. आठवड्याच्या पत्राला दम खाता येतो. सोमवारी काय घडलं ते शनिवारी सावकाश सांगता येतं. रोजच्या पत्राचं पोट संध्याकाळी भरलेलं लागतं, मग उद्याची गोष्ट आजच का शिजवावी लागेना. पॅरिसला रोज निघणाऱ्या पत्राची तेव्हा नवलाई होती. राजदरबारातून मंजूर झालेलं त्याचं नाव ओळभर लांब होतं, म्हणून सगळं शहर त्याला नुसतं ‘रोजचं’ म्हणे. चार पानं. पहिल्यावर हवा, पुलाच्या खांबावर सीन नदी किती चढली ते, आणि रस्त्यावरचे दिवे कधी लागणार, कधी विझणार. आत नाटकं, नवी पुस्तकं, एखादं कोडं, कुण्या सरदारणीच्या कुत्र्यावर रचलेली कविता. शेवटी काल कोणाला पुरलं ते. पुरले तर रोज कितीतरी जात. पत्रात यायचे ते मागे बग्ग्या असलेले.

त्या हिवाळ्यात सीन गोठली. लाकडाचे तराफे वरच्या अंगाला बर्फात अडकून पडले, आणि पत्रात एक नवं सदर सुरू झालं: परोपकार.

या सदरात थोरामोठ्यांची दानं छापून येत. दाते म्हणे नावाला लाजत. म्हणून छापायचं असं: ‘एक थोर गृहस्थ, ज्यांना प्रसिद्धी आवडत नाही, आणि ज्यांचा वाडा वारेन रस्त्यावर डावीकडून तिसरा, हिरव्या दाराचा आहे.’ आणि वर ‘काउंट द से***’. ते तीन तारे कशाला लागत हे देवाला ठाऊक. पॅरिसातल्या कोळसेवाल्याच्या गाढवालासुद्धा कळत होतं की हा काउंट द सेर्नी. आयजीच्या जिवावर बायजी उदार. लाकूड काउंटच्या जंगलातलं, ते जंगल तोडणारे काउंटच्या गावचे शेतकरी, त्यांच्या त्या घामाला मजुरी नाही, आणि पुण्य मात्र तारे लावून काउंटच्या खात्यावर.

दानाच्या बातमीखाली आशीर्वादाचा परिच्छेद असे. ‘वृद्धांनी व माउलींनी अश्रूपूर्ण नेत्रांनी दात्यास दुवा दिला.’ हा परिच्छेद इतक्यांदा लागे की उर्सुलने त्याचे शिशाचे अक्षर-खिळे सोडवणंच बंद केलं होतं. दोऱ्याने बांधून फळीवर उभा ठेवलेला असे. दाता बदलला की वरची ओळ बदलायची, आशीर्वाद तेच. हे तिचंच डोकं. वेळ वाचतो म्हणून संपादकानेही तिची पाठ थोपटली होती.

उर्सुल चाळिशी ओलांडलेली. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. पॅरिसात छापखान्यांचे परवाने मोजके, बाप मेला की मुलाला, आणि मूल नसेल तर विधवेला, तेही तिने दुसरं लग्न केलं नाही तर. पत्राच्या तळाशी रोज एक ओळ असे: ‘ब्रेबियोंच्या विधवेच्या छापखान्यात छापले.’ मेलेल्या माणसाचं नाव रोज छापून यायचं, जिवंत बाईचं कधीच नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. अठरा माणसं तिच्या छताखाली खात होती, तेवढं तिला पुरे होतं.

त्या अठरांत एक तिची धाकटी बहीण होती, पेरेत मोरँ. छापून आलेल्या ताज्या कागदांच्या घड्या घालायचं काम. बोटं कायम काळी.

रविवारी दुपारी काउंटचा कारभारी मजकूर देऊन गेला. उद्या सकाळी वाड्याच्या दारात लाकूड वाटणार, परवाच्या पत्रात ‘काल वाटलं’ असं यायला हवं. पेरेत घड्या बाजूला सारून मातुरीनच्या खांद्यावरून वाकली. मातुरीन म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांचा मुकादम, उर्सुलच्या नवऱ्याच्या काळापासूनचा.

“ताई, ऐक, मला लाकडाची चिठ्ठी मिळालीय ना, तर परवाच्या पत्रात मी रडलेय,” पेरेत म्हणाली. तिला अडखळत वाचता यायचं. “‘वृद्धांनी व माउलींनी.’ मी यातली कोण गं? ना म्हातारी, ना कुणाची आई.”

“तुझ्या तोंडाकडे बघितलं तर वृद्ध,” छापयंत्राकडून बारनाबे ओरडला.

“अस्वलाला कुणी विचारलं? तू दांडा ओढ.”

दांडा ओढणाऱ्यांना अस्वलं म्हणत, कारण ते दिवसभर एकाच जागी पुढेमागे झुलत असत. खिळे वेचणारी ती माकडं. “माकडांनी लिहायचं, अस्वलांनी छापायचं,” बारनाबे म्हणाला, “आणि तू जाऊन रडायचं. रडताना माझ्यासाठी पण एक ओंडका माग.”

“ओंडका मिळाला तर तुझ्याच डोक्यात घालते.”

सगळे हसले. मग पेरेत बहिणीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “ताई, माझ्या खोलीत घागरीतलं पाणी गोठतंय. इथली दोन लाकडं नेऊ?”

छापखान्यातली आग शाईसाठी होती. थंडीत शाई डांबरासारखी घट्ट होते, कागदाला लागत नाही. उर्सुल म्हणाली, “इथलं कुठून देऊ? उद्या काउंटच्या दारात जा की. आता तर जुळवलंयसुद्धा.”

ती गेली.

वारेन रस्त्यावर काय झालं ते बारनाबेच्या बायकोने पाहिलं. अंगणात लाकडाची रास होती. वर सज्जाच्या खिडक्यांत काउंटकडच्या बायका गरम चॉकलेटचे पेले घेऊन उभ्या, गरिबांना बघायला. त्यांना एकेक गरीब नीट दिसावा, त्याने राशीपाशी येऊन वाकून दुवा द्यावा, म्हणून कारभाऱ्याने मोठं फाटक बंद ठेवलं आणि त्यातलं छोटं दार उघडलं. दीड माणूस जाईल एवढं. बाहेर रस्ताभर माणूस. चर्चच्या पाद्र्यांनी लाकडाच्या चिठ्ठ्या वाटताना हात सैल सोडला होता, आणि लाकूड तेवढं नाही अशी आवई उठली. पायाखाली बर्फ. मागच्यांनी रेटलं, पुढच्या घसरल्या, आणि दाराच्या चौकटीत चार बायका एकावर एक चेंगरल्या गेल्या. वरच्या खिडक्या पटापट बंद झाल्या. लाकूड अंगणातच राहिलं.

पेरेतला खिडकीच्या फळीवर घालून आणलं. तोवर पोलिसाचा माणूस कागद करून गेला होता. चारही बायकांपुढे मरणाचं कारण एकच: थंडी. पाद्र्याने त्यावरून आपल्या वहीत उतरवलं: थंडी. पेरेतच्या बरगड्या आत गेलेल्या होत्या. उर्सुलने त्यावर हात ठेवून पाहिला, आणि तो कागदही वाचून पाहिला.

दुपारी ती संपादकाच्या खोलीत गेली. संपादक फ्लोरिमाँ पत्राचा एक मालकही होता. मऊ हातांचा, कविता करणारा, सगळ्यांशी गोड.

“मादाम ब्रेबियों, काय बोलू मी?” तो उठून उभा राहिला. “माझ्याच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतंय.”

“तर मग एक ओळ छापा.” तिने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: ‘या दारात चार बायका चेंगरून मेल्या. त्यांतली एक पेरेत मोरँ, या पत्राच्या घड्या घालणारी.’

“आशीर्वादाच्या खाली?”

“खाली. आशीर्वाद तर तुम्ही काढणार नाही.”

“काढेन हो मी, पण काउंट—” त्याने कपाळ पुसलं, त्या थंडीत. “आणि लोर्मेलसाहेब सही करणार नाहीत.”

“ते त्यांना ठरवू दे. तुम्ही आधीच घाबरू नका.”

लोर्मेल म्हणजे सरकारी तपासनीस. रोज संध्याकाळच्या आत पत्राचं प्रूफ त्याच्याकडे जायचं, त्याची सही झाल्याशिवाय अक्षर छापायचं नाही. त्या दिवशी उर्सुल स्वतः प्रूफ घेऊन गेली. तो सर्दीने बेजार होता, पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. त्याने ओळ वाचली, नाक शिंकरलं आणि त्यावर काट मारली.

“साहेब, खोटं आहे का ते?”

“बाई, मी तुम्हाला खोटं छापा म्हणत नाही,” लोर्मेल म्हणाला, “खरं छापू नका म्हणतो. दोन्हींत फरक आहे. तो कळला तर तुमचा परवाना टिकेल.” मग खालच्या आवाजात, अगदी मनापासून: “बहिणीला किती वर्षं होती?”

“सव्वीस.”

“अरेरे,” म्हणून त्याने सही केली.

छापखान्यात परतल्यावर मातुरीनने प्रूफ पाहिलं आणि ती ओळ उचलायला टोचा हातात घेतला. उर्सुलने त्याचा हात धरला.

“राहू दे.”

“बाई, काट मारलीय.”

“दिसतेय मला. पानाचा फर्मा आवळ.”

“परवाना जाईल. आपण सगळे रस्त्यावर येऊ.”

“परवाना ब्रेबियोंचा आहे. बहीण माझी होती.” मग तिने मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “कुणाला जायचंय का? दार उघडं आहे. छोटं नाही, मोठं.”

कुणी हललं नाही. बारनाबेने शाई लावायचे कातडी गोळे एकमेकांवर आपटले आणि पहिला कागद घातला.

टपालाच्या प्रती आधी छापत, शहराच्या मागून. रुआं, दिजों, लियों, अँजेकडे जाणारी टपालगाडी संध्याकाळी सुटायची. शहराच्या प्रती सकाळी वाटल्या तरी चालायच्या. टपालाचा गठ्ठा संपत आला असतानाच फ्लोरिमाँ आला. त्याला ओला कागद हातात घेऊन वास घ्यायची सवय होती. त्या दिवशी वास घेता घेता त्याने वाचलं.

“थांबवा! थांबवा म्हणतो ना! ही ओळ... मादाम, तुम्हाला वेड लागलंय? हे सगळे कागद फाडा, परत छापा!”

“कशावर?” मातुरीनने विचारलं.

फ्लोरिमाँने कोपऱ्यातल्या कोऱ्या कागदाच्या रिमांकडे बोट दाखवलं. बारनाबे हसला. कोरडा कागद शाई धरत नाही. छापायचा कागद आदल्या दिवशी पाण्यातून काढून, दगडाखाली दाबून ओलवून ठेवावा लागतो, आणि ओलवलेला होता तो बरोबर त्या रात्रीपुरता. टपालाच्या प्रती फाडल्या तर शहराला कागद पुरत नव्हता. दारात टपालगाडीवाला घोड्यांना शिव्या देत होता. बाहेरगावच्या वर्गणीदारांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले. एक दिवस पत्र चुकलं की परत मागायचे.

फ्लोरिमाँ छापखान्याच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या मऊ तोंडावर एकेक हिशेब चढताना आणि उतरताना सगळ्यांना दिसला.

“रुआं, दिजों,” तो पुटपुटला. “तिथे कोण कुणाला ओळखतं? लोर्मेल वाचतो ती शहराची प्रत.” मग मोठ्याने: “टपाल जाऊ द्या. पण शहराच्या फर्म्यातून ती ओळ आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत काढा.”

मातुरीनने ओळ काढली. पडलेल्या भोकात काहीतरी घालायला हवं होतं, म्हणून कालच्या कोड्याचं उत्तर पुन्हा घातलं. मंगळवारी पॅरिसने वाचलं की वृद्धांनी आणि माउलींनी अश्रूपूर्ण नेत्रांनी दुवा दिला, आणि त्याखाली: ‘उत्तर: छत्री.’

फ्लोरिमाँने चहाडी केली नाही. केली असती तर टपाल सोडल्याबद्दल त्याचीही मान अडकली असती. उर्सुलने बहिणीला पुरलं आणि वाट बघायला लागली.

तिची समजूत साधी होती. पॅरिसचं तोंड बांधलेलं आहे, पण बाहेरगावी लोक वाचतील, चिडतील, इकडे पत्रं लिहितील. पत्रं फोडून वाचणारे पोलीस तरी वाचतील. चार गावांतून एकच प्रश्न आला की काउंटला दार उघडून उत्तर द्यावं लागेल. ती रोज टपालाच्या वेळी दारात जाऊन उभी राहायची.

दुसऱ्या आठवड्यात टपाल आलं, आणि ते घेऊन फ्लोरिमाँ स्वतः धावत आला. त्याची टोपी वाकडी झाली होती.

“मादाम! अहो मादाम, तुमची ती ओळ!”

“काय म्हणतात?”

“रडतायत! अख्खा प्रांत रडतोय!” त्याने एक पत्र उलगडलं. “ही रुआंची एका वकिलाची बायको. ऐका. ‘ज्या दात्याच्या दारी पोचण्यासाठी गरिबांनी जीव टाकावा, त्याचं औदार्य केवढं असेल! दुवा देता देता प्राण सोडणाऱ्या त्या घड्या घालणाऱ्या मुलीचा विचार मनातून जात नाही. काउंटमहाशयांच्या पुण्यकार्यास माझ्याकडून फूल ना फुलाची पाकळी.’ हे दिजोंचे एक पाद्रीबुवा, हेही काउंटलाच देणगी पाठवतायत. हे अँजेचे कवी. स्तुतीची ओड लिहिलीय, चोवीस कडवी! पेरेतवर!”

उर्सुलने पत्रं हातात घेतली. एकेक वाचली. मग टपालाच्या प्रतीची उरलेली एक घडी काढून आपली ओळ पुन्हा वाचली, जणू ती दुसऱ्याच कुणी लिहिली होती. वर अश्रू, खाली मरण. मध्ये रेघ नव्हती, कोरी जागा नव्हती. लोकांनी ते सलग वाचलं होतं. वरचा आशीर्वाद त्या चौघींच्याच तोंडात घातला होता. तो आशीर्वाद, जो तिनेच दोऱ्याने बांधून फळीवर ठेवला होता.

“एकालाही कळलं नाही?” तिने विचारलं.

“काय कळायचंय?”

“चेंगरून मेल्या, म्हटलंय मी.”

“हो, तेच तर! किती हृदयद्रावक! हां, एक आहे,” फ्लोरिमाँने गठ्ठ्यातून एक चिठ्ठी काढली, “शार्त्रचे एक व्यापारी वर्गणी बंद करतायत. सकाळी कॉफीबरोबर असलं अभद्र नको म्हणे.”

“तेवढ्या एकाने वाचलं,” उर्सुल म्हणाली.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं रांगेने येतात, त्यांना चेंगरायची भीती नसते. देणग्या पाठवणाऱ्या प्रत्येकाला परोपकाराच्या सदरात यायचं होतं, नाव न छापता, फक्त गाव, गल्ली, हुद्दा आणि तारे. वर्गण्या वाढल्या. काउंटच्या कानावर गेलं. काउंटने चौकशी केली की ही कुठली मुलगी, आणि मला आधी का नाही सांगितलं. आणि मग एका सकाळी लोर्मेल, जो कधी छापखान्याची पायरी चढला नव्हता, तो मफलर गुंडाळून दारात उभा.

उर्सुलला वाटलं, परवाना गेला. तिने हात पुसले आणि सरळ उभी राहिली.

“बसा, बसा,” लोर्मेल म्हणाला. “मला समजलं सगळं. टपालाच्या प्रतीत माझी काट तुम्ही मानली नाही. अपराध मोठा आहे. पण कधीकधी चुकून बरं होतं. काउंटमहाशय खूश आहेत.” त्याने खिशातून कागद काढला. “हे उद्याच्या पत्रात. मजकूर मीच लिहिलाय, म्हणजे तपासायचा त्रास नाही.”

त्यात लिहिलं होतं: ‘वारेन रस्त्यावरील त्या दयाळू दारी, दीन जनांच्या लोटात, पेरेत मोरँ हिने प्राण सोडला, व अखेरच्या श्वासासह दात्यास दुवा दिला. काउंट द से*** यांनी तिच्या आत्म्यासाठी दरवर्षी प्रार्थना लावून दिली आहे.’

“नाव आलंय बघा,” लोर्मेल म्हणाला. “तुम्हाला हवं होतं ना? आता शहराच्या प्रतीतसुद्धा येईल. राजवाड्यातसुद्धा वाचतील.”

“अखेरचा श्वास तुम्ही ऐकलात?”

“बाई, तुमच्या फळीवर बारा महिने तेरा काळ आशीर्वाद बांधून ठेवलेले असतात. ते कुणी ऐकले होते?”

तो गेला, आणि मागोमाग काउंटकडची गाडी आली. लाकूड. चांगलं सुकं ओकचं, छापखान्यापुरतं, हिवाळाभर जाईल एवढं.

उर्सुलने ती गाडी परत पाठवली असं सांगता आलं असतं तर गोष्ट बरी दिसली असती. तिने पाठवली नाही. शाई गोठत होती. बारनाबेच्या बोटांना भेगा पडून रक्त येत होतं. माणसांनी लाकूड उतरवलं, कुणी कुणाकडे न बघता. मग आग मोठी झाली, आणि एकेकाचे खांदे खाली आले. बारनाबे विस्तवाकडे तोंड करून म्हणाला, “बाई, मी तिला म्हटलं होतं माझ्यासाठी एक ओंडका माग म्हणून.” आणि रडायला लागला. त्याच्या रडण्यावर कुणी परिच्छेद जुळवला नाही.

दुपारी मातुरीनने मजकूर जुळवून फर्म्यात बसवला. उर्सुल येऊन त्यावर वाकली. खिळे उलटे असतात, उजवीकडून डावीकडे. तिला तसंच वाचायची सवय होती. तिने चिमटा घेतला आणि पेरेतच्या नावाचा पहिला खिळा उपसला.

“बाई, काय करताय?”

ती एकेक अक्षर काढून तळहातावर ठेवत गेली.

“मंजूर मजकूर आहे तो,” मातुरीन म्हणाला. “त्यातलं अक्षर हलवलं तरी गुन्हा.”

“मागच्या खेपेला घातलं, तो गुन्हा. या खेपेला काढतेय, तोही गुन्हा. मातुरीन, राजाला नेमकं काय हवंय ते तुला कळलं तर मला सांग.”

“पण नाव छापून यावं म्हणूनच तर तुम्ही एवढं—”

“या चिखलात नको. तिने कुणाला दुवा दिला नाही. ती आग मागायला गेली होती, ती मी नाकारली म्हणून.” तिने आडनावाचं शेवटचं अक्षर उपसलं. “भोक बुजव.”

“काय घालू?”

“एका बाईने. ‘एका बाईने प्राण सोडला.’ पुढचं असू दे तसंच.”

मग ती फळीकडे गेली, बांधून ठेवलेला आशीर्वाद उतरवला, दोरा तोडला आणि खिळे ज्याच्या त्याच्या खणात फेकून दिले. संध्याकाळी फ्लोरिमाँ आला, त्याने ओला कागद हुंगला, बघितला आणि खाली ठेवला. नाव गेलेलं त्याला दिसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोर्मेललाही दिसलं नाही. काउंटने म्हणे ते पान काढून ठेवलं. त्याने तारे मोजले असतील. ते बरोबर तीन होते. आणि कारभारी आठवड्याभरात नवा मजकूर घेऊन हजर: आता आशीर्वाद थोडा लांब हवा होता.

ते पत्र निघाल्याच्या दोन दिवसांनी एक धोबीण छापखान्यात आली. हात कोपरापर्यंत लाल, पाण्याने फुगलेले. उर्सुलच्याच वयाची. तिने पैसे पुढे केले.

“ते परवाचं पत्र आहे का? ज्यात एक बाई आहे?”

“कशाला हवं?”

“ती माझी आई.”

उर्सुलने तिच्याकडे पाहिलं. चौघींतली दुसरी. तिने कधी विचारलं नव्हतं की बाकीच्या तिघी कोण.

“बाई, ते सगळं खोटं आहे,” उर्सुल म्हणाली. “दुवाबिवा काही नाही. चेंगरून मेल्या त्या.”

“मला काय सांगता? मी तिचा हात धरून होते.” धोबीण चिडली. “दुवा कसला, ती शिव्या घालत होती, काउंटच्या सात पिढ्यांना. मी तिथे होते. पण पोलिसाच्या कागदात थंडी, पाद्र्याच्या वहीत थंडी. शेजारच्याने मला हे वाचून दाखवलं. इथे दार तरी लिहिलंय. वारेन रस्ता लिहिलंय.”

उर्सुलने शिल्लक गठ्ठ्यातून एक प्रत काढून दिली. पैसे घेतले नाहीत. धोबिणीने ती उलटीसुलटी करून पाहिली.

“मला वाचता येत नाही. त्यातलं तेवढंच कापून द्या. दारापासून आई मेली तिथपर्यंत. दुवा नको, काउंट नको.”

उर्सुलने कात्री आणली. वरचं दान कापलं, खालचा श्वास कापला, प्रार्थना कापली, तारे कापले. बोटभर रुंदीची पट्टी उरली. ‘दयाळू’ हा शब्द दाराच्या अलीकडेच चिकटून बसला होता. तो कापला की पट्टी तुटत होती. तिने दोनदा कात्री लावून पाहिली.

“काय झालं?”

“एक शब्द राहतोय.”

“कसला?”

“दयाळू.”

धोबिणीने थोडा विचार केला आणि पट्टी तिच्या हातातून घेतली. “राहू दे,” ती म्हणाली. “जो वाचून दाखवेल त्याला सांगेन, तेवढा गाळ.”